आवळ्याचा पाक, सहा बरण्या

माधवगंज, लष्कर-ग्वाल्हेर
८ ऑक्टोबर १९५६

चि. सौ. शामलास अनेक आशीर्वाद, विशेष.

राज्यांच्या पुनर्रचनेत माझी खुर्ची गेली. पद नव्हे, लाकडी खुर्ची. दफ्तर भोपाळला हलायचे म्हणून तिच्यावर ‘भोपाळ’ची चिठ्ठी डकवून ती बांधली आणि सरकारी रसायनज्ञ आठ दिवस खोक्यावर बसतो आहे. दिल्लीने या अन्यायाची दखल घ्यावी.

तू विचारतेस, बरण्यांत काय असते. अंड्यातला पांढरा भाग, म्हणजे पाणी आणि प्रथिन. हवेतला प्राणवायू लोखंडाला गंजवतो, तसा त्यालाही हळूहळू बिघडवतो. सहापैकी तीन बरण्यांत आवळ्याचा अर्क आहे. तिथले प्रथिन दीड वर्षाने शाबूत, बाकीचे गेले. शेवटचे मोजमाप भोपाळला. ते दाखवले तर नव्या प्रयोगशाळेत जागा, नाहीतर घरी बसणे.

यजमानांस नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरे, पण पत्रे वाढव.
तुझा दादा, रघुनाथ

उज्जैन, १३ ऑक्टोबर

तीर्थरूप दादांस शि. सा. न. वि. वि.

वनमालावहिनी गेल्यापासून तुमच्या पत्रांत बरण्यांशिवाय कोणी राहतच नाही. त्या बरण्या तरी भोपाळला नीट न्या. आणि तिथे जरा माणसांतही बसा. नवरात्रात अंडी हाताळता हे सासूबाईंपासून लपवले आहे, उपकार मानावेत.

आपली, शामला

माधवगंज, २२ ऑक्टोबर

चि. सौ. शामलास आशीर्वाद.

बरण्या गेल्या. सामानाच्या यादीत त्या ‘आवळ्याचा पाक’ म्हणून होत्या, आणि खाण्याच्या वस्तू न नेता टाकून द्याव्यात असा हुकूम आहे. शिपायाने मोरीत ओतून लख्ख धुऊन ठेवल्या. वाईट वाटेल म्हणून वाट पाहिली. काहीच वाटले नाही. दाढी केली, दफ्तरात गेलो.

यादी तात्यासाहेब कारकुनांची. डिसेंबरात निवृत्त व्हायचे. खोटी नोंद केली म्हणून साहेबांनी त्यांची पेन्शन अडकवली, आणि माझी चूक नाही म्हणून भोपाळची जागा मला तशीच देऊ केली. त्यांनी दोष स्वतःवर घेतला. खरे असे की, त्यांचा नवरात्राचा उपास होता, ‘अंडी’ लिहिताना टाक अडला, आणि मीच म्हणालो की पाक लिहा, कशाला दौत बाटवता.

आज हे सगळे लिहून सही केली. साहेब म्हणाले की मग तुमचे भोपाळ राहिले. मी म्हटले, राहू द्या. नक्कल तात्यासाहेबांच्या टेबलावर उपडी ठेवली. ते जेवायला गेले होते.

माया असू दे.
रघुनाथ