जपानी तासातलं ओलं फडकं

॥ श्री ॥
मिरजोळे, रत्नागिरी
ता. १८ नोव्हेंबर २०२४

ती. आनंदीताईस देवदत्तचा शि. सा. न. वि. वि.

तुझे कान फोनला दाद देत नाहीत, म्हणून पुन्हा कागदच धरला. इकडे सगळं क्षेम. कारखान्यातून निवृत्त होऊन घरात नुसता बसलो होतो तेव्हा तू विचारायचीस, की मशीनबरोबर आलेल्या पुस्तकांतून शिकलेली ती जपानी आता काय लोणच्यात घालणार? तर ऐक. इथल्या शाळेने आठवी-नववीच्या पोरांना जपानी शिकवायचं काम मला दिलंय. श्रीपती, आमचा जुना दोस्त, कलमांचा बागायतदार, शाळेच्या कमिटीवर आहे. त्याच्या शब्दाने जमलं.

पोरं तल्लख आहेत. भेटेल त्याला कमरेत वाकून नमस्कार करतात. एसटीच्या कंडक्टरला वाटलं, यांचे सुटे पैसे पडले. तोही बिचारा वाकून शोधायला लागला. सगळ्यांत पुढे आहे ती नम्रता. बाप भागोजी नगरपरिषदेत सफाई कामगार, गटारं उपसतो. पोरीची जीभ अशी वळते, की माझंच शिकलेलं मी तपासून घेतो. शिकायला जपानला जायचं म्हणते, आणि जाईलही गो.

नुसती भाषा देऊन काय, तिकडची रीतभातही द्यावी. तिथे शाळेत वर्ग मुलंच झाडतात, लादीही पुसतात, मग ते कोणाचंही मूल असो. येत्या शनिवारपासून आपणही सुरू करतोय.

ऋजुताला आशीर्वाद. उत्तराला आळस करू नकोस आणि मायेलाही.

तुझा
देवा

---

अलोरे
ता. २३ नोव्हेंबर २०२४

चि. देवदत्त यास अ. उ. आ.

पत्र पोचलं. कंडक्टरचं वाचून मी एकटीच हसत सुटले, तर सून ऋजुता चहा गॅसवर टाकून बघायला धावत आली. चहा उतू गेला. तो तुझ्या खात्यावर.

तू पोरांना झाडायला शिकवणार म्हणजे नवलच. आईने हातात केरसुणी दिली की तुझं पोट दुखायचं, आणि मी कोपरे काढायचे. पण चांगलं करतोयस. हेडमास्तरांनाही कामाला जुंप. आणि जी पोर नीट करते तिला पुढे उभी कर, म्हणजे बाकीची बघून शिकतात. ती नम्रता हुशार आहे ना, तिलाच कर पुढे.

इथे थंडी पडलीय, गुडघे कुरकुरतात. तुझ्या खोकल्याला आल्याचा रस घे. खुशाली कळवत राहा, म्हणजे म्हातारीचा जीव जागेवर राहतो.

तुझी
ताई

---

मिरजोळे
ता. ९ डिसेंबर २०२४

ती. ताईस शि. सा. न.

काय लिहू, कसं लिहू!

तू सांगितलंस तसं नम्रताला पुढे केलं. ओलं फडकं दोन्ही तळव्यांखाली दाबून, गुडघे न टेकता, ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावत पुसत गेली. तिकडची मुलं तसंच करतात. पोरांनी टाळ्या पिटल्या. मी खुळ्यासारखा फोटो काढला आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. कौतुकाने गो! त्याखाली श्रीपतीने लिहिलं, की भागोजीच्या लेकीला हे शिकवायला जपान कशाला हवं, ते रक्तातच आहे. पुढे एक हसरं तोंड. मग खाली इतरांची हसरी तोंडं, बोटाने सरकवत राहिलो तरी संपेनात.

सोमवारी भागोजी शाळेत आला, कामावरच्याच कपड्यांत. ओरडला नाही. म्हणाला, की मी गटारात उतरतो ते हिने उतरू नये म्हणून. मी हिच्या हातात पुस्तक दिलं होतं मास्तर, तुम्ही फडकं दिलंत. आणि तिला घेऊन गेला.

त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने, यमुनाबाईने, पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि आत गेली. मी समजावत बसलो, की तिकडे डॉक्टरचा मुलगाही लादी पुसतो. भागोजीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, की डॉक्टरच्या मुलाने पुसलं तर त्याच्या रक्ताचं नाव कोण काढत नाही. पोरीला मुंबईला आत्याकडे धाडतोय म्हणे, दुकानात बसेल, शाळा पुरे झाली. नम्रता आत भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी हाक मारली. वळली नाही.

ताई, घास उतरत नाही. जिला पंख फुटत होते तिचे मीच कापले. काही सुचत असेल तर लगेच लिही.

तुझा
देवा

---

अलोरे
ता. १४ डिसेंबर २०२४

चि. देवास आशीर्वाद.

तिला पुढे कर असं मीच लिहिलं होतं, तेव्हा अर्धं पाप माझ्या पदरात. आपल्या घरात मुलाने केरसुणी धरली की आजूबाजूचे कौतुक करायचे. त्या घरात तीच केरसुणी काय होते, हे आपल्या दोघांच्याही टाळक्यात शिरलं नाही.

पण मेल्या, एक विचारते. तू भागोजीकडे गेलास, त्याच्यापुढे जपानचा पाढा म्हटलास. श्रीपतीकडे गेलास का? तुझ्या अख्ख्या पत्रात श्रीपतीला वाकडा शब्द नाही. ज्याचं घर जळलं त्याला शहाणपण शिकवलंस, आणि ज्याने काडी लावली त्याच्या दारात जायला पाय जड झाले. वर्ग त्याच्या शब्दावर उभा आहे म्हणून ना? मग असला वर्ग आढ्याला टांगून ठेव.

जिथे हसले तिथेच माफी पडू दे. आणि भागोजीला पटवायला जाऊ नकोस. त्याला तुझ्या जपानशी काय करायचंय? जाऊन गप्प बस.

रागाने लिहिलंय, तरी जेव वेळेवर. तुझ्यावाचून माझं रागवायला आहे कोण?

तुझी
ताई

---

मिरजोळे
ता. २६ डिसेंबर २०२४

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

गेलो श्रीपतीकडे. बागेत मोहोरावर फवारणी चालली होती. आधी हसला, म्हणाला, की देवा, गंमत होती रे, म्हातारपणी तू फारच हळवा झालास. मी म्हटलं, ग्रुपवर लिही की चुकलो. तेव्हा त्याचा आवाज चढला. एका गटारवाल्यासाठी मला मान खाली घालायला लावतोस का, असं गड्यांदेखत विचारलं. शेवटी म्हणाला, की वर्ग हवा की माफी, ते तू ठरव.

त्याच्याच अंगणात उभा राहून मी ग्रुपवर लिहिलं, की फोटो टाकला ती माझी चूक, श्रीपतीने लिहिलं ते नीचपणाचं, आणि जे हसले तेही त्यात आले. मी फाटकाशी पोचेपर्यंत मला ग्रुपमधून काढलेलं होतं. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी वर्ग बंद केल्याचं सांगितलं. बिचारे माझ्याकडे न बघता बोलत होते. पोरं व्हरांड्यात उभी होती.

मग भागोजीकडे गेलो. तू म्हणालीस तसा गप्प बसलो. उठताना एवढंच म्हटलं, की वर्ग संपला, मी तिच्यासमोर येणार नाही, पण तिची शाळा तोडू नकोस. त्याने दार लोटून घेतलं. आत्या नव्या वर्षात न्यायला येणार आहे म्हणे.

आता माझ्या हातात काहीच नाही गो. तुझा हात तेवढा डोक्यावर असू दे.

तुझा
देवा

---

रत्नागिरी
ता. ९ जानेवारी २०२५

आदरणीय सरांना सा. न.

मी नम्रता. मी शाळेत जायला लागले आहे. आत्या न्यायला आली होती, पण आजी म्हणाली, की पोर गेली तर हसणाऱ्यांचंच खरं होईल. मग सकाळी कामावर जाताना बाबा म्हणाले, की दप्तर घे. तुम्ही ग्रुपवर लिहिलेलं बाबांनी वाचलं आहे.

जपानी मात्र नको असं त्यांनी सांगितलं आहे. तुम्ही घरी येऊ नका. शेजारी बघतात, आणि मग बाबा जेवत नाहीत.

सर, त्या शनिवारी मला वाईट वाटलं नव्हतं. मी सगळ्यांत जोरात पुसत गेले म्हणून आनंद झाला होता. आता घरी आजी लादी पुसायला लागली की मी बाहेर जाऊन उभी राहते. वर्गात कागद पडलेला दिसला तर आधी बघते, माझ्याकडे कोण बघतंय.

एक विचारायचं होतं. तुम्ही सांगितलंत, की तिकडे वर्ग मुलं झाडतात. मग तिकडची गटारं कोण उपसतं? त्यांच्या मुलांना शाळेत काय म्हणतात? बाबांनी मला विचारलं आणि मला सांगता आलं नाही. हे आपण शिकलोच नव्हतो. माहीत असेल तर मराठीत लिहून शाळेच्या ऑफिसात ठेवा, मी बाबांना वाचून दाखवीन. माहीत नसेल तर तसं लिहा. आम्हाला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका.

लोभ असू द्या, पण लांबूनच.

आपली विद्यार्थिनी
नम्रता