अळणी समुद्र

१४ जुलै
नाय येणार म्हणे! पुन्हा नाय! इथं पडेगावात बाप अंथरुणाला खिळलाय अन् लेक तिकडं रत्नागिरीला समुद्राचा ताप बघतीय. सोनियाला इचारलं, माणसाचा ताप कुणी बघायचा? तर म्हणती, "आई, पाण्याचा ताप अन् मीठ दर महिन्याला मोजावंच लागतं. एक महिना चुकला की आधीची वर्षं बी लंगडी पडतात." पडू दे की लंगडी!

१५ जुलै
किडनीपायी ह्यांचं मीठ बंद. आज बी ताट सरकवलं. "आशे, भिंत चाटल्यावाणी लागतंय." मंग काय करू? डॉक्टरला जाऊन भांडा!

२० जुलै
सोनियाचा फोन. ह्यांनीच हात पुढं केला. "काय गं, तुझ्या समुद्राला ताप किती?"
ती सांगत बसली. उन्हाळ्यात चढतो, पावसात उतरतो. पण उतरला तरी पहिल्याइतका उतरत नाय, दर सालाला थोडा अंगात मुरतोच. अन् पावसात नद्या घुसल्या की वरचं पाणी अळणी होतं.
हे हसले! किती दिवसांनी! "म्हंजी माझ्यासारखाच की. मंग आपली पैठणची गोदावरी बी तुझ्याकडंच येत असंल?"
ती मंग म्हणली, "व्हय आप्पा. येती."
रात्री सगळं ताट संपवलं. अळणीच.

२ ऑगस्ट
गेले.

३ ऑगस्ट
सोनिया आली. उशिरा. मी बोलले नाय.

११ ऑगस्ट
पैठणला दहावा केला. राख सोडली. ती लई रडाया लागली, तवा मी पहिल्यांदा तोंड उघडलं — "गप. तुझ्याकडंच लावून दिलं त्यांना."
तशी घाटावरच बसली. "आई, गोदावरी माझ्याकडं नाय गं येत. पूर्वेला जाती. दुसऱ्याच समुद्राला. मी आप्पाला खोटं बोलले."
मला काय ठाऊक? मी एकबी समुद्र बघितला नाय. ते तर वाटंला लागले.

१६ ऑगस्ट
नोकरी सोडते म्हणती. इथंच राहते म्हणती. एवढे दिवस हेच मागत होते ना मी!
तिची बॅग भरून दारात ठेवली. म्हणलं, ऑगस्टचं मोजायचं राहिलंय, ऊठ. ताप किती, मीठ किती — शुक्रवारपर्यंत मला फोन पाहिजे. आता मी इचारणार.