नोटीस न देता

सर, काल कोर्टात तुमचं भाषण वाचून दाखवलं, आणि मला तुमची शिसारी आली. इतकी, की बाहेर येऊन नळावर मी दोनदा चूळ भरली. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, कळतं मला. पण तुम्हीच म्हणायचात ना, आधी मुद्द्यावर या, लाजायचं ते नंतर.

मुद्दा यमुनेकाठच्या त्याच वस्तीचा. मयूर विहारच्या बाजूनं चिखल तुडवत जायचो आपण. मी तेव्हा तुमच्याकडे नुकती ज्युनिअर म्हणून लागलेली, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली, झोपडीत पहिल्यांदाच पाय ठेवणारी. आत एक बाई चुलीवर रोट्या भाजत होती. ती विचारते, "वकीलसाहब, ये नोटिस होता क्या है?" तुम्ही उठता, बाहेर जाता आणि तिच्या पत्र्याच्या दारावर टकटक करता. "ये होता है. घर तोड़ने से पहले सरकार को दरवाज़ा खटखटाना पड़ेगा, आपकी बात सुननी पड़ेगी." ती पदराआड हसते आणि तव्यावरची गरम रोटी तुमच्या हातावर ठेवते. ती केस आपण नोटिशीच्या त्या एकाच मुद्द्यावर जिंकलो. घरं वाचली.

त्याच केसचा माझा पहिला मसुदा तुम्ही सगळ्यांसमोर टेबलावरून ढकलून दिला होतात. "यात जमीन आहे, नकाशा आहे. माणूस कुठंय? जा, परत लिही." सात वेळा लिहिला मी तो. एकदाही तुमच्या तोंडून साधं ‘बरा आहे’ निघालं नाही. आई वैतागायची, "अगं, सोड ते ऑफिस. दिल्लीत दुसरे वकील काय कमी आहेत?" होते की भरपूर. पण मला ‘छान’ ऐकायचं होतं ते तुमच्याकडूनच, आणि त्यासाठी मी वर्षानुवर्षं तुमच्या फायली वाहत राहिले.

मग तुम्ही खासदार झालात. काळा कोट कपाटात गेला, कडक इस्त्रीचं जॅकेट आलं, बंगल्यावर हारतुरे घेऊन येणाऱ्यांची रीघ लागली. आणि ज्या तोंडानं त्या बाईला नोटीस म्हणजे काय ते सांगितलं होतंत, त्याच तोंडानं सभागृहात उभं राहून त्या नोटिशीचा गळा घोटलात! सार्वजनिक कामासाठी वस्ती हटवायची असेल तर नोटिशीची आणि सुनावणीची गरज नाही, अशी कायद्यात दुरुस्ती. तुमच्या पक्षाला ती मांडायला गरिबांचा वकील हवा होता आणि तुम्हाला मंत्रिपद. ते तर मिळालंच नाही. शेण खाल्लंत सर, आणि वर उपाशीच राहिलात.

काल त्या बाईची मुलगी माझ्यामागे उभी होती. आई आता नाही तिची. घर तेच, पत्र्याचं दारही तेच. मला फक्त पाडकामावर स्थगिती हवी होती. सरकारी वकील उठला आणि म्हणाला, कायदा करणाऱ्यांचा हेतू त्यांच्याच शब्दांत ऐकू या. मग सभागृहाच्या कामकाजाचा जाडा खंड उघडून त्यानं सावकाश वाचलं, "हर दरवाज़ा खटखटाते रहे, तो यह शहर कभी घर नहीं पहुँचेगा." न्यायाधीशांनी मान डोलावली. पाच मिनिटांत स्थगिती नाकारली. बाहेर पोरीनं विचारलं, "मॅडम, वो लोग बता के आएँगे ना?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मम्मी आपके सर को बहुत दुआ देती थी." तेव्हा मी नळाकडे गेले.

हे पत्र कुठं पाठवणार? तिच्या केसच्या फाईलीतच ठेवून देईन, फाईल तशीही आता कुणी उघडणार नाही. पण एक गोष्ट राहिली. काल वाचलेलं ते दरवाज्याचं वाक्य तुमचं नव्हतं, माझं होतं. तुमच्या बंगल्यावर, जेवणाच्या टेबलाशी बसून तुम्ही म्हणालात, "नोटीस काढून टाकतोय. जरा बऱ्या शब्दांत मांडून दे." काय काढून टाकताय ते मला पक्कं ठाऊक होतं. ती टकटक आठवूनच मी ते लिहिलं, एका बैठकीत. तुम्ही वाचलंत, चष्मा काढलात, म्हणालात, "छान! आता जमलं तुला." खिशातलं पेन काढून मला दिलंत. मी बसमध्ये एकटीच हसत घरी गेले आणि चपला काढायच्या आत आईला सांगितलं. आणि काल, ती पोर मागे उभी असताना, शिसारी यायच्या आधी एक क्षणभर मला वाटलं, वाक्य खरंच छान झालंय.