गंजलेल्या पटरचं काय करायचं

मी, जॅनेट कारगिल, गावात सगळ्यांना नेट्टा म्हणून माहीत असलेली, वय एक्क्याऐंशी, धंदा गोल्फच्या काठ्या साफ करणे व दुरुस्त करणे, राहणार बॅलकॅरो, मैदानाच्या शेवटच्या हिरवळीला लागून असलेल्या दुकानाच्या वर, आज पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवते. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. माझ्यावर दबाव आणू शकेल असं माणूस या गावात उरलेलंही नाही. डॉक्टरांनी माझ्या हृदयाबद्दल जे सांगितलं ते मला नीट कळलं आहे. आमच्या वकीलबाई मिस पिटकेर्न हे सगळं टाइप करून आणते म्हणत होत्या. मी नको म्हटलं. माझं अक्षर वाचता येतं.

यापूर्वी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात सगळं नवऱ्याला ठेवलं होतं, आणि रॅब माझ्याआधीच निघून गेला. आम्हाला मूलबाळ नाही.

कलम १. खालचं दुकान, पाटीसकट, मी शीना मेल्व्हिल हिला देते. शीना माझ्याकडे नोकरीला लागली तेव्हा तिला लोखंडी काठी कुठली आणि लाकडी कुठली तेही कळत नव्हतं. आता ती माझ्या चुका काढते. तेव्हा शीना, दुकान तुझं. ते विकून तिथे कॉफीचं दुकान काढायला कोणी सांगायला आलं तर त्याला चहा पाज आणि वाटेला लाव.

मात्र अटी आहेत. काठ्या धुवायला पाणी कोमटच घ्यायचं. गरम पाण्याने मानेजवळचा सरस सैल होतो आणि मग डोकं उडतं, काठीचं आणि नंतर गिऱ्हाइकाचं. लाकडी डोक्याची काठी बादलीत बुडवायची नाही, कोणी कितीही घाईत असला तरी नाही. ओल्या फडक्याने पुसायची, लगेच कोरडी करायची, आणि ओली असताना तिला टोपडं चढवायचं नाही. खाचांतली माती लाकडी काडीने काढायची, खिळ्याने नव्हे. जुन्या, हिकरी लाकडाच्या दांड्यांना थंडी सुरू व्हायच्या आधी जवसाचं तेल. तुला हे सगळं येतं, मला माहीत आहे. तरी लिहिते, कारण मी गेल्यावर तुला चार दिवस कोणी बोलणार नाही आणि तुला चुकल्यासारखं होईल.

कलम २. वरचं घर विकावं आणि आलेले पैसे आपल्या बंदरातल्या जीवरक्षक होडीला द्यावेत. त्या लोकांनी एकदा रॅबला भर समुद्रातून जिवंत परत आणलं. त्यानंतर मला तो बरीच वर्षं मिळाला. तो घोरायचा, माशांचा वास मारायचा, आणि आयुष्यात एकदाही त्याने गोल्फची काठी हातात धरली नाही. मला तो फार आवडायचा.

कलम ३. बँकेत जे असेल त्यातून माझा अंत्यविधी करावा. भाषणं नकोत. नंतर सगळ्यांना हॅडॉक माशाचं गरम सूप द्यावं, आणि इनाच्या बेकरीतला पाव. व्हिस्की द्यावी, पण स्वस्तातली आणून माझी अब्रू घालवू नये.

कलम ४. गोल्फ क्लबचे सेक्रेटरी मेजर ट्रेल यांस मी माझी जुनी पत्र्याची बादली देते. मेजरसाहेबांनी क्लबच्या दारात काठ्या धुवायचं यंत्र बसवलं. भोकात काठी घातली की आत ब्रश गरगर फिरतो. ते मला म्हणाले होते, "मिसेस कारगिल, आता तुम्ही आराम करा." त्या यंत्राने किती जणांच्या काठ्यांचा रंग गेला ते क्लबात कोणी बोलत नाही, पण त्या सगळ्या काठ्या मागच्या दाराने माझ्याकडेच आल्या. बादली गळकी आहे. शोभेला ठेवता येईल.

कलम ५. बाबांची हत्यारं, म्हणजे काठी घट्ट धरणारा वाइस, कानशी, दोरा गुंडाळायचं चाक, मेणाचा गोळा आणि तेलाचा डबा, हीसुद्धा शीनाला. बाबा याच दुकानात त्याच बाकावर बसून काठ्या बनवायचे. त्यांच्या काळी लोखंडी काठ्या गंजायच्या. समुद्राची हवाच तशी, सकाळी पुसून ठेवलेली काठी संध्याकाळी तांबूस दिसायची. लोक पॉलिश पेपर घेऊन घासघास घासायचे, इतके की बनवणाऱ्याचं नाव पुसून जायचं आणि लोखंड पातळ व्हायचं. बाबा वैतागायचे. "अरे, माती काढा, घाम काढा. लोखंडाचं कातडं कशाला काढताय?" असं ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणायचे. म्हणूनच आम्ही श्रीमंत झालो नाही.

कलम ६. माझा पटर. जिने चेंडू हळूच भोकात ढकलायचा ती काठी. हा पटर बाबांनी माझ्यासाठी बनवला. तो कोणालाही देऊ नये. माझ्याबरोबर पेटीत ठेवावा.

मिस पिटकेर्न म्हणतात, कारण लिहिलं तर बरं, नाहीतर लोक तर्क करतील. लोकांना कारण माहीत आहे. पण लिहिते.

या पटरचं तोंड बाबांनी कधी चकचकीत केलं नाही. दर शनिवारी दुकान बंद करताना ते अंगठ्यावर तेलाचा एक थेंब घ्यायचे आणि त्या तोंडावरून अंगठा फिरवायचे. त्याने गंज वाढत नाही आणि जातही नाही. छान तपकिरी होऊन बसतो, आणि उन्हात डोळ्यांवर चमक मारत नाही. अंगठा जिथे थांबायचा तिथे एक गडद डाग पडला होता. बाबा गेले, त्यांचे कपडे वाटून टाकले, पाइप कोणीतरी नेला. मला तो डाग राहिला होता.

माझा धाकटा भाऊ वॉल्टर, म्हणजे वॉटी, बंदरावर बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. मी गावच्या बायकांच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीपर्यंत पोचले, त्या वर्षी माझी काठ्यांची पिशवी तो उचलणार होता. त्याला मला काहीतरी द्यायचं होतं. म्हणून आदल्या संध्याकाळी त्याने गुपचूप पटर नेला आणि पॉलिश पेपरने घासून काढला. सकाळी टॉवेलात गुंडाळून माझ्यापुढे धरला. चेहरा असा फुललेला!

"बघ ताई, आरसा केलाय आरसा. तोंड बघून घे!"

मी बघितलं. काही बोलले नाही, कारण तेव्हा बोलले असते तर खेळताच आलं नसतं. शेवटच्या हिरवळीवर मी आणि समोरची खेळाडू बरोबरीत होतो. माझा चेंडू भोकापासून हातभर अंतरावर होता. मी पटर मागे नेला आणि उन्हाची तिरीप त्या चकचकीत तोंडावरून थेट माझ्या डोळ्यांत आली. चेंडू भोकाच्या काठावरून वळून गेला. सगळा गाव कुंपणाशी उभा होता. त्या सगळ्यांसमोर मी वॉटीला म्हणाले, "तू आज बाबांना दुसऱ्यांदा पुरलंस."

त्याने माझी पिशवी कुंपणाच्या खांबाला टांगली आणि तो घरी गेला. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. रॅबच्या अंत्यविधीला तो मागच्या बाकावर बसला आणि सगळ्यांच्या आधी निघून गेला. कारखान्यातली नोकरी संपल्यापासून तो रोज येऊन शेवटच्या हिरवळीजवळच्या बाकावर बसतो, ऊन असो पाऊस असो. तिथून माझी खिडकी दिसते. मी काही त्याच्याकडे बघत नाही. त्याने नवी टोपी घेतली आहे आणि तो डावा पाय हल्ली ओढत चालतो, तेवढं दिसलं.

मी बोलले ते खरं होतं आणि मी ते मागे घेत नाही. पण त्याच्याशिवाय माझं रक्ताचं कोणी नाही, आणि माझ्याशिवाय त्याचं नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतं. तरी पटर पेटीत ठेवावा.

[वरील कलम ६ यातली पटर पेटीत ठेवण्याची सूचना मी स्वतः खोडली आहे. खोडण्याचं कारण पुढे लिहिते. माझ्या सहीची आद्याक्षरं बाजूला आहेत. जॅ. का.]

झालं असं. आज सकाळी सह्या करायच्या म्हणून मिस पिटकेर्न दुकानात आल्या. म्हणाल्या, "आपल्याकडच्या कायद्याला एक साक्षीदार पुरतो, मी आहे. पण दोन असलेले बरे. नंतर कोणी बोट दाखवायला नको." बेकरीवाली इना येणार होती, पण ती तापाने पडली. शीना म्हणाली, "मग मी करते की सही."

"तुला नाही करायची," मिस पिटकेर्न म्हणाल्या. "ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. दिसायला बरं नाही दिसत."

शीनाने खिडकीतून बाहेर बघितलं. पाऊस लागला होता आणि मैदानावर चिटपाखरू नव्हतं. "बाहेर एक जण बसलाय," ती म्हणाली. "त्याला काही मिळणार नसेल तर तो चालेल?"

मी म्हटलं, "शीना, दुकान काढून घेईन हं."

"घ्या," असं म्हणून ती छत्री न घेताच बाहेर पळाली. मी ओरडले, पण ती ऐकेल तर शपथ.

वॉटी दारात उभा राहिला. टोपी हातात, पाणी निथळतंय. दुकानात पाऊल टाकावं की नाही हे त्याला कळेना. मिस पिटकेर्न यांनी त्याला खुर्ची दिली आणि काय काम आहे ते सांगितलं. त्याने सगळं ऐकलं आणि विचारलं, माझ्याकडे न बघता, "यात माझ्या नावावर काही आहे का? म्हणजे, सही करता येईल का मला?"

मिस पिटकेर्न माझ्याकडे बघत राहिल्या.

"काही नाही," मी म्हणाले. "तुला काहीही ठेवलेलं नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि त्याने पेनासाठी हात पुढे केला. एक शब्द जास्त नाही.

पटर बाकावरच होता, आज शनिवार म्हणून. वॉटीची नजर त्याच्यावर गेली आणि पेन तसंच हातात राहिलं.

"ताई, गंज परत आला की गं."

"कधीच आला."

"सांगितलं नाहीस मला."

"तू विचारायला आलास होय?"

"रोज येतो," तो म्हणाला. "बाहेर बसतो."

मग तो उठला आणि वाकून बघायला लागला. "बाबांचा डागसुद्धा आलाय."

"बाबांचा नाही तो. माझा आहे. तू गेलास त्या शनिवारपासून मीच अंगठा फिरवते आहे."

तो मटकन खाली बसला आणि रडायला लागला, एवढा मोठा माणूस, टोपीत तोंड घालून. मीही रडले. शीना आधीच रडत होती. मिस पिटकेर्न यांनी चहा ठेवला, त्यांना दुसरं काही सुचलं नसावं.

पटर मृत्युपत्राने द्यावा तर वॉटीला साक्षीदार होता येणार नाही, आणि मी मरेपर्यंत त्याला थांबावं लागेल. थांबणं आम्ही दोघांनी पुष्कळ केलं. म्हणून पटर मी त्याला आजच हातात दिला. तो आता माझ्या मालकीचा नाही, सबब त्याची विल्हेवाट या कागदाने लावायचा प्रश्न उरत नाही. सोबत तेलाची छोटी बाटली दिली आणि बजावलं, "दर शनिवारी एक थेंब. पॉलिश पेपर हातात घेतलास तर भूत होऊन तुझ्या पलंगावर बसेन."

"तू अशीही बसशील," तो म्हणाला.

हे मी लिहीत असताना तो समोर बसून अंगठा फिरवतो आहे. जरा जास्तच तेल घेतलं आहे. शिकेल. पुढच्या शनिवारी दुकान बंद व्हायच्या वेळी इथेच ये म्हटलं आहे, माझ्या डोळ्यांदेखत कर. मी असेपर्यंत दर शनिवारी.

येणेप्रमाणे लिहिलं ते वाचून बघितलं, बरोबर आहे. यापेक्षा जास्त माझ्याकडे नाही आणि होतं ते योग्य ठिकाणी गेलं.

ठिकाण: बॅलकॅरो, दुकानातला बाक. ऑक्टोबरचा पहिला शनिवार, पाऊस चालू.

सही: जॅनेट कारगिल

साक्षीदार १: मार्गेरी पिटकेर्न, वकील

साक्षीदार २: वॉल्टर लम्सडेन, लिहून देणार बाईंचा सख्खा भाऊ. या मृत्युपत्राने यांस काहीही मिळत नाही.

टीप, सह्या झाल्यानंतर, सर्वांसमक्ष: दुसऱ्या साक्षीदाराच्या सहीशेजारी कागदावर जो तेलकट तपकिरी डाग पडला आहे तो त्याच्या अंगठ्याचा आहे. मिस पिटकेर्न नवा कागद घेऊ म्हणत होत्या. मी नको म्हटलं. तो डाग कोणीही साफ करू नये. जॅ. का.