वरपक्षाकडच्या बाया

पुणे,
११ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. मोहिनीमामीस,
मैत्रेयीचा शि. सा. न.

फोनवर तू 'सगळं बरं आहे' एवढंच म्हणतेस, कारण तिकडे स्पीकर चालू असतो आणि अर्धं घर ऐकत असतं. म्हणून हे पत्र. खरं काय ते कागदावर सांग.

आपल्या गावात नळाचा काही भरवसा नाही, वीज आली तर पाणी. म्हणून तर आमच्या संस्थेनं अ‍ॅप केलं. पंपावरचा गोपालदादा पाणी सोडताना बटण दाबतो आणि बायांच्या फोनवर संदेश जातो. पण मामी, तो संदेश कुणी उघडतच नाही! मी बैठकांवर बैठका घेतल्या, बायांना विचारून विचारूनच सगळं बनवलं. दर वेळी सगळ्या म्हणाल्या, मस्त हाय. निळ्या नळाच्या चित्राचं तर कौशल्याबाईंनी केवढं कौतुक केलं, वर निघताना पिशवीत मुगवड्या कोंबल्या. मग बिघडलं कुठे? डिसेंबरअखेर बाया वापरत नसल्या तर संस्था गावातलं काम बंद करणार आहे. मला रडू येतंय, खरंच. मामांना सांगू नकोस, ते हसतील.

तुझा राग चालेल, गप्प बसणं चालणार नाही.

तुझी,
मैत्रेयी

---

पो. सिंदी (रेल्वे),
२० नोव्हेंबर २०२४

चि. मैत्रेयीस,
अनेक उ. आ.

मामांना मी काही सांगितलं नाही, पाकीट त्यांनीच फोडलं. हसले नाहीत. बराच वेळ चष्मा पुसत बसले.

आता खरं ऐक. तू बैठकीत बसतेस तेव्हा बायांना संस्थेची मॅडम दिसत नाही, आमच्या माणिकवन्संची मुलगी दिसते. माहेरी आलेल्या लेकीनं भाजी खारट केली तरी घरचे मागून मागून खातात. भागीरथाबाईला काल खोदून विचारलं, तर म्हणाली की गावच्या लेकीच्या कामाले नाव कसं ठेवाव, बरं दिसते का थे. तू विचारत राहिलीस आणि त्या तुझं मन राखत राहिल्या. मीही त्यातलीच.

यात माझाही स्वार्थ आहे. भागीरथाबाईची नात यामिनी माझ्या सातवीच्या वर्गात आहे. कापसाची वेचणी लागल्यापासून घरच्या बाया सकाळीच शेतात जातात आणि नळाची वाट पाहायला ही पोर घरी राहते. गणितात एवढी हुशार, आणि बाक रिकामा. अशा मुली मी पाहिल्या आहेत. आधी वेचणीपुरती सुटलेली शाळा पुढे कायमची सुटते. मला ही पोर घालवायची नाही.

तेव्हा एक तारखेच्या रविवारी ये, पण भाची म्हणून येऊ नकोस. मी बायांना सांगून ठेवते की अ‍ॅप ही मुलगी, तू मुलीकडची विहीण आणि त्या वरपक्षाकडच्या. लग्नात वरपक्षाच्या बाया कशा असतात ते तू पाहिलं आहेस. मांडवातल्या पाण्यातसुद्धा खोट काढतात. मन घट्ट करून ये.

आशीर्वाद नेहमीचेच, या खेपेला मूठभर जास्त.

मोहिनीमामी

---

पुणे,
४ डिसेंबर २०२४

ती. सौ. मामीस,
शि. सा. न.

त्या मांडवात मला एकटीला सोडून तू चहा करायला गेलीस, हे मी विसरणार नाही.

आधी सगळ्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग भागीरथाबाई म्हणाल्या, पोरगी मुकी हाय, आणि जो काही बांध फुटला! लिहिलेलं वाचायचं कुणी, हात तर कापसात. फोन पोराच्या खिशात, आणि पोरगा सिंदीत. पाणी आल्यावर सांगून फायदा काय, शेतातून येईस्तोवर नळ कोरडा. वीज आल्यावर टाकी भराले घंटाभर लागते, तं वीज आली की तवाच काऊन नाई सांगत? कौशल्याबाईंना तो निळा नळ डास मारायच्या औषधाची बाटली वाटला होता. एकीला तर नवरा कुठे बसला आहे तेही सांगणारी पोरगी हवी होती.

परतीच्या गाडीत मी वर्ध्यापासून बडनेऱ्यापर्यंत रडले. तिथे चहा घेतला आणि मग राग आला, बायांचा नाही, त्या आधीच्या सगळ्या 'मस्त हाय'चा.

आता चित्रं आणि संदेश काढून टाकले. वीज आली की गोपालदादानं बटण दाबायचं, की वेचणीच्या प्रत्येक टोळीत एकीच्या साध्या फोनवर नुसती रिंग वाजेल. वाचायचं काही नाही, उचलायचंही नाही. टोळीतली एक बाई घरी येऊन आपल्या गल्लीचं पाणी भरेल, आळीपाळीनं. हे त्यांनीच ठरवलं, मी मान हलवली. आमचे साहेब म्हणतात, यात दाखवण्यासारखं काही उरलं नाही. ते स्वतः येऊन काय ते ठरवणार आहेत. मला भीती वाटते.

विहिणीचा मान नाही दिला तरी भाचीवरची माया राहू दे.

तुझी,
मैत्रेयी

---

पो. सिंदी (रेल्वे),
२७ डिसेंबर २०२४

चि. विहीणबाईंस,
अनेक उ. आ.

रिंग वाजते आहे. सुरुवातीला गोपाल एकदा विसरला, तर बाया पंपावर जाऊन त्याला असं काही बोलल्या की आता तो वीज यायच्या आधीच बटणावर बोट ठेवून बसतो.

काल तुझे साहेब येऊन गेले. भागीरथाबाईनं त्यांना चहा दिला आणि समोर बसून एकेक खोट काढायला घेतली. रिंगचा आवाज बारीक आहे, शेताच्या त्या टोकाला ऐकूच येत नाही, खालच्या गल्लीला वेगळी रिंग पाहिजे. साहेबांचा चेहरा उतरला. मला हळूच म्हणाले की बायांना एवढं नापसंत असेल तर बंदच करू. पण मी तोंड उघडायच्या आत भागीरथाबाईच उठली. म्हणाली, की लेक चार दिवस येते आन् जाते, तिले गोडच बोलाव. हे तं आमच्या घरी नांदाले आली, हिले नाई सांगाव तं कोनाले सांगाव! साहेब जाताना पुढच्या वर्षाचं काम मंजूर करून गेले.

यामिनी सोमवारपासून शाळेत येते आहे. आज मी फळ्यावर गणित सोडवून दाखवलं, तर ती उभी राहिली आणि सगळ्या वर्गासमोर माझी चूक काढली.

लोभ आहेच; आता बोलणी खायलाही येत जा.

मोहिनीमामी