बी. सोमचा बाजा

११ फेब्रुवारी १९५७, गडचिरोली

पुन्हा भांडलो. या वेळी रामाजीशी. टॉकीज त्याची, तंबू त्याचा, इंजिन त्याचं — आणि मीच त्याला सुनावलं, की तुला सिनेमातलं काही कळत नाही. त्यानं सावकाश पान लावलं आणि म्हणाला, "मंग तू काऊन कॉलेज सोडून माह्या तंबूत आला?" मी भोंग्याची वायर गुंडाळत बसलो.

कारण एवढंच. नवं चित्र आलंय. गाणी आहेत तशीच आहेत — नाव मोठं, चाली शिळ्या. पण मध्ये एक जागा आहे. नवरा परमुलखात निघून गेलेला, बाई अंगण झाडते आहे. बोलणं नाही, गाणं नाही. नुसता वाद्यवृंद. आधी व्हायोलिनं खालच्या सुरात, इतकी खाली की आतल्या खोलीत कुणी बोलतंय असं वाटावं. मग तारा नुसत्या बोटांनी छेडलेल्या. मग त्यावर एकटं क्लॅरिनेट, वाट चुकल्यासारखं येतं आणि बरोबर ठिकाणी पोचतं. बाई थांबते, तेव्हा सगळे एकदम गप्प. तिकिटांचा गठ्ठा हातात धरून मी उभाच राहिलो.

रामाजी म्हणतो, हा तुकडा कापून टाकू. लोक नेमके तेव्हाच बिड्या ओढायला उठतात.

कापून बघ म्हणावं!

१२ फेब्रुवारी

आज सुरुवातीच्या पाट्या नीट वाचल्या. संगीतकाराचं नाव पडदाभर. त्याच्या मागून बारीक अक्षरांत चार-पाच नावं, त्यात 'पार्श्वसंगीत — बी. सोम'. आली आणि गेली.

सोम म्हणजे बंगाली असणार. कधी कुणाच्या तोंडून हे नाव ऐकलं नाही. मासिकात छापलेलं पाहिलं नाही. म्हणजे या माणसाला शोधून काढणारा पहिला मी — गडचिरोलीत, धानाच्या कोंड्यात उभा राहून!

१४ फेब्रुवारी

इंदू आली होती. वडिलांचा, गुणवंतरावांचा, डबा घेऊन. आपला तंबू त्यांच्याच गिरणीमागच्या वावरात आहे, हे माझ्या आयुष्यातलं एकमेव सुदैव. मी खेळाआधीच्या तबकड्या पुसत होतो. म्हणाली, "भाऊ, काल ते झुल्याचं गाणं काऊन नाई लावलं?"

भाऊ! इकडं सगळ्यांनाच भाऊ म्हणतात, रामाजीलाही, पोस्टमनलाही. त्यात काही नाही. मनाला हे शंभरदा सांगितलं.

संध्याकाळी झुल्याचं गाणं तीनदा लावलं. रामाजी म्हणे, तबकडी झिजन.

१७ फेब्रुवारी, रविवार

आज बाजार. धानोऱ्याकडून बाया आलेल्या, मोळ्या-डिंक विकून खेळाला बसल्या. सुकरी त्यांना घेऊन आली. ती गुणवंतरावांच्या गिरणीत धान पाखडते, माहेर तिकडचंच.

ती जागा आली. पुरुष नेहमीसारखे उठले. मी दोघांना दंड धरून खाली बसवलं, एकाशी बाचाबाची झाली. तेवढ्यात बायांच्या बाजूनं गुणगुण सुरू. आधी एक, मग सगळ्याच. माझं डोकं सणकलं. तरातरा गेलो आणि म्हटलं, गप्प बसायचं तर बसा, नाही तर बाहेर व्हा.

सुकरी माझ्याकडं बघून हसली. "आमचाच रेला हाय ना बाबू हा. आमी नाई म्हनाचा त कोन म्हनन?"

मी तसाच उभा. क्लॅरिनेट वाजत होतं आणि बाया त्याच्याबरोबर जात होत्या, एक सूर इकडंतिकडं नाही. रेला! हातात हात गुंफून, फेर धरून नाचत गातात तो. लहानपणी मामाबरोबर बिडीपत्त्याच्या हंगामात गेलो होतो तेव्हा डोंगरापलीकडून यायचा. आणि त्या बोटांनी छेडलेल्या तारा — ते पाय आहेत! फेरात पडणारे पाय. इतके दिवस रोज ऐकतोय आणि मला कळलं नाही.

बायांची माफी मागितली. त्या आणखीच हसल्या.

१८ फेब्रुवारी

मुंबईतल्या बंगाल्याला आमचा रेला कुठून मिळाला? रामाजीचं मत, रेल्वेतून जाताना ऐकला असेल. धानोऱ्याला रेल्वे कुठाय! पण एक खरं. त्यानं तो उचलून नुसता चिकटवलेला नाही. नाचाचा सूर घेतला आणि एकट्या बाईच्या अंगणात ठेवला. फेर आहे, पण फेरात कुणीच नाही. हे ज्याला सुचलं तो उद्या मोठा होणार. लिहून ठेवतो.

१९ फेब्रुवारी

इंदूला हे सगळं सांगितलं. गिरणीच्या ओट्यावर, सुकरी शेजारीच पाखडत होती, म्हणून कुणी काही म्हणण्यासारखं नव्हतं. इंदू इतकं लक्ष देऊन ऐकत होती की मला माझाच आवाज आवडायला लागला. मग तिनं प्रश्न विचारले. असा माणूस कसा असेल? सिनेमातले लोक पितात म्हणे, हाही पीत असेल का? मी म्हटलं, पिणारे असतील, पण हा नाही. हा घाई न करणारा माणूस आहे. बाई वाट पाहते तेव्हा तिचे हात काय करतात, हे यानं बघितलेलं आहे.

"रागीट असन का?"

मी म्हटलं, शक्यच नाही, रागीट माणसाला इतकं हळू वाजवून घेता येत नाही. बोललो आणि मलाच लागलं. नागपूरला प्रोफेसर मला जंगली म्हणाले म्हणून फळा पुसायचा डस्टर त्यांनाच फेकून मारणारा मी. ती खाली मान घालून हसत होती. मला बदललं पाहिजे. आजपासून.

२० फेब्रुवारी

बिड्यांवरून भांडलो. उद्यापासून.

२३ फेब्रुवारी

इंजिनाचं तेल मागायला गिरणीत गेलो होतो. कोंड्याच्या ढिगापलीकडं गुणवंतराव इंदूच्या आईशी बोलत होते. मी दिसत नव्हतो.

"बाजावाल्याले पोरगी द्याची काय? लोकं म्हनतीन, गुणवंतरावाचा जवाई वरातीत पिपानी वाजवते."

इंदूची आई म्हणाली, पोरगा चांगला हाय म्हणतात ना सारे. गुणवंतराव म्हणाले, चांगला असून काय करता, धंदा पाह्य ना त्याचा.

तेल न घेताच परतलो. बाजावाला! या गावात बाजावाला दुसरा कोण आहे? खेळाआधी तबकड्या लावतो म्हणून पोरंटोरं मला याच नावानं हाक मारतात. म्हणजे घरात माझं नाव निघालंय. म्हणजे इंदूनं काढलंय. आणि आईला मी पसंत आहे! अपमान आणि आनंद दोन्ही एकाच पेल्यात. काय करू?

गप्प राहणार. रेल्याच्या तारांसारखा, खालच्या सुरात.

२७ फेब्रुवारी, मार्कंडा

जत्रेत तंबू. इतका गोंगाट की बी. सोम ऐकूच आला नाही. इंदूच्या घरचे दर्शनाला आले नाहीत. देवळावरच्या नुसत्या मूर्ती पाहिल्या.

४ मार्च, गडचिरोली

परत आलो आणि सरळ गिरणीत गेलो. आठ दिवस मनात घोकलेलं शांतपणे सांगायचं होतं. पहिल्याच वाक्याला आवाज चढला. म्हटलं, गुणवंतरावजी, तुम्ही बाजावाला म्हणता, पण बाजा म्हणजे काय ते एकदा तरी ऐकलंय का? वरातीतली पिपाणी म्हणजे बाजा नव्हे. पन्नास माणसं एकत्र बसवायची आणि त्यांच्याकडून एका बाईच्या मनातलं बोलवून घ्यायचं, तो बाजा. बी. सोमचं नाव घेतलं, रेल्याचं सांगितलं. बाजाशी नातं सांगणाऱ्या माणसाला मुलगी देण्यात कमीपणा नाही, हेही म्हणून टाकलं. स्वतःचं नाव तेवढं घेतलं नाही. ते कसं घेणार?

ते थांबलेल्या जात्यासारखे माझ्याकडं बघत राहिले. "तुले कसं मालूम, घरात काय चालून राह्यलं ते?"

म्हटलं, मला सगळं माहीत आहे.

त्यांनी तांदळाच्या कण्या तळहातावर चोळल्या. मग म्हणाले, उद्या-परवा येतो तुझ्या तंबूत. सिनेमा मी पाहत नाही, पण ऐकायला येतो.

६ मार्च

आले. सहाच्या खेळाला, डोक्याला टोपी घालून. सोबत इंदू आणि तिची आई.

मी सकाळपासून रामाजीच्या मागं लागून इंजिन तंबूपासून शक्य तेवढं लांब नेलं. खेळाआधी भोंग्यावर सांगितलं, की आज त्या जागेला कुणी उठायचं नाही. एकानं विचारलं, पिशाब लागली तर? म्हटलं, आत्ता जाऊन या. हशा झाला, पण चार-पाच जण खरंच जाऊन आले.

आणि लोक बसले! व्हायोलिनं सुरू झाली तेव्हा तंबूचं कापड हलत होतं तेवढाच आवाज. मी पडद्याकडं पाहिलंच नाही, गुणवंतरावांकडं पाहत होतो. क्लॅरिनेट आलं. त्यांचा हात मांडीवर होता, बोटं हलायला लागली. शेवटी सगळं गप्प झालं तेव्हा त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

बाहेर आल्यावर विचारलं, "हे एकाच मानसानं बसवलं?"

"हो."

"अन् वाजवनारे पन्नास?"

"असतील पन्नास."

"सारे त्याच्या हातावर चालतेत? कोनी आपल्या मनानं नाई जात?"

म्हटलं, एक बोटसुद्धा नाही.

"मंग हा बाजावाला कायचा? हा त कारभारी हाय. माह्या गिरनीत आठ मानसं हायेत, दोघं तोंड एका दिशेनं करत नाईत." चालता चालता थांबले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बापू, माहीच चूक होती. हरकत नाई आता. मी कळवतो."

कळवतो! माझ्या बाबांनाच कळवणार. इंदू आईमागं उभी होती. माझ्याकडं पाहिलं. कंदिलाच्या उजेडात डोळे ओले होते, खोटं नाही लिहीत.

७ मार्च

दिवसभर कुणाशीही भांडलो नाही. रामाजीनं कपाळाला हात लावून पाहिला, ताप तर नाही ना.

कॉलेज पुरं करेन. बाबांनी सांगितलं तर प्रोफेसरांचे पाय धरेन. बी. सोमला भेटायला मुंबईला जाईन, इंदूला घेऊन. त्याला सांगेन, तुमच्यामुळं.

१२ मार्च

बी. सोम बंगाली नाही. इथल्याच, वडशाच्या सोमाजींचा बाळकृष्ण. मुंबईला गेल्यावर वडिलांच्या नावाला कात्री लावून घेतली. माघातच इंदूसाठी त्याचं मागणं आलं होतं. मुलगा मुंबईत बाजाच्या कामात आहे, नाव बी. सोम लावतो, एवढंच मध्यस्थानं सांगितलं होतं. आज सुपारी फुटली. पेढा गुणवंतरावांनी स्वतः माझ्या हातावर ठेवला. म्हणाले, तू नसता त म्या त्या पोराले वरातीतला समजून सोडलं असतं.

इंदू दाराशी आली. "भाऊ, तुमी सांगितलं तसेच असतीन ना ते?"

हो म्हटलं.

संध्याकाळी ठरवून टाकलं होतं, ती जागा आली की भोंगा बंद करायचा. बटणावर हात ठेवून बसलो. व्हायोलिनं सुरू झाली. हात तिथंच राहिला.

चांगलंच आहे ते. काय करू?