पक्क्या पायाची जाळी

पुणे, रविवार, ३ ऑगस्ट २००८

चि. श्याम यास आशीर्वाद.

सकाळपासून पाऊस. दूध आलं, पेपर आला नाही. अंगणात पावलं बुडतील इतकं पाणी. तुझा गुडघा कसा आहे? ऑपरेशन केलंस ते नागपुरात, हे बरं. इथे बरा होऊन चालणार कुठे?

सोसायटीच्या अंगणाचं विचारलं होतंस. चौथ्या मजल्यावरचा तेजस कंपनीतर्फे सहा महिने जर्मनीत राहून आला (तेव्हापासून त्याला इथलं काहीच पटत नाही). त्याने मधमाश्यांच्या पोळ्यासारखी प्लास्टिकची जाळी सुचवली. खाली खडीचा थर, भोकांत खडी. गाड्या रुतत नाहीत, पाणी जमिनीत मुरतं. एकवीस वर्षांत प्रथमच मी मीटिंगमध्ये हात वर केला. तुझ्या ताईने, मंदाकिनीने लावलेली बकुळ अंगणाच्या मधोमध आहे, तिला पाणी मिळेल एवढाच माझा स्वार्थ.

मे महिन्यात तिच्या वर्षश्राद्धासाठी मी चार दिवस नाशिकला होतो (गुडघ्यामुळे तुला येता आलं नाही). तेवढ्यात सेक्रेटरी यज्ञेश्वर केतकर (बांधकामाचा अनुभव: स्वतःची मोरी दोनदा फोडली) यांनी आधी सहा इंच काँक्रीट ओतून घेतलं आणि त्यावर जाळी बसवली. "अहो, पाया पक्का नको?" आता पाणी भोकांतून शिस्तीत खाली जातं, काँक्रीटला भेटून वर येतं. तेजस म्हणतो, "काका, टेक्नॉलॉजी बरोबर आहे, इम्प्लिमेंटेशन चुकलं." केतकर म्हणतात जाळीच सदोष, भोकं सिमेंटने बुजवू. बकुळीच्या बुंध्याभोवती वीतभर जागा सोडलेली नाही, पानं पिवळी पडताहेत, हे मी सांगितलं. "झाडाला वरून पाऊस मिळतो की!" इति केतकर. ठराव मंजूर. बुजवण्याचं काम पंधरा तारखेनंतर.

बाकी क्षेम.

तुझा,
भावजी

ता. क. तुझ्या वर्कशॉपमधली लांब छिन्नी कुरियरने लगेच पाठव. माझी बोथट झाली. बुंध्याजवळचे जाळीचे तुकडे उचलता येतात, परत बसवले की कळत नाही. दर रविवारी दहाला गच्चीवरच्या खोलीत निचऱ्यावर मीटिंग असते. तिथला आरडाओरडा सुरू झाला की खाली हातोडा ऐकू येत नाही. गेल्या रविवारी काँक्रीटखालची माती लागली. पाणी गिरकी घेऊन त्या भोकात गेलं. मी बराच वेळ बघत होतो.

दुसरा ता. क. दहा वाजले. वरून केतकरांचा आवाज येऊ लागला, म्हणजे तासाची निश्चिंती. पायजमा दुमडला आहे. हातोडा घेऊन खाली चाललो.